मेन्स्ट्रुअल कप घेताय? आधी बोटावर माप घ्या, मग डब्यावरचं बघा

मेन्स्ट्रुअल कप म्हणजे पाळीचं रक्त गोळा करायला योनीमार्गात बसवायचा, तळाला दांडी असलेला लवचीक पेला. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या औषधाच्या दुकानात मागा नाहीतर फोनवरून मागवा, पहिला प्रश्न ठरलेला: स्मॉल, मीडियम की लार्ज? आणि बहुतेक जणी ड्रेसचं माप सांगावं तसं अंगकाठीवरून उत्तर देतात. बारीक आहे म्हणून स्मॉल, दोन बाळंतपणं झाली म्हणून लार्ज. पण कपाचा अंगकाठीशी काही संबंध नाही. उंच, भरल्या अंगाच्या बाईचं गर्भाशयमुख अगदी खाली असू शकतं आणि जेमतेम पाच फूट मुलीचं बोटाला न लागण्याइतकं वर.

शिवाय ही एस-एम-एलची अक्षरं सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसतात. एकीचा मीडियम तो दुसरीचा स्मॉल. म्हणून तीन गोष्टी आधी स्वतःच्या शरीराला विचारायच्या: गर्भाशयमुख किती उंचीवर आहे, रक्तस्राव किती होतो आणि योनीमार्गाच्या स्नायूंची पकड कशी आहे. डबा त्यानंतर उचलायचा. एका पाळीत ही तपासणी होते आणि चुकीच्या कपाचे पैसे वाचतात. उघडलेला कप कुठलंच दुकान परत घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

१. कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं

पुढच्यांपैकी काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय कप घेऊ नका:

- तांबी, म्हणजे कॉपर टी, किंवा हार्मोनची तशीच साधनं बसवलेली असतील. कपाच्या ओढीमुळे किंवा दोरा कपाबरोबर चिमटीत आल्यामुळे ती सरकू शकतात, बाहेरही येऊ शकतात. डॉक्टर दोरा आखूड करून देतात का, कप चालेल का, हे आधी विचारा.
- अंग बाहेर येण्याचा त्रास असेल.
- बाळंतपण, गर्भपात किंवा योनीमार्गाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे तरी काहीही आत घालायचं नाही.
- सध्या खाज, दुर्गंधी, पांढरं जास्त जाणं असा संसर्ग असेल. आधी तो बरा होऊ द्या.
- बोट आत घालतानाही स्नायू आखडून तीव्र दुखत असेल. हे जोर करून सुटत नाही, त्यावर वेगळे उपचार आहेत.
- टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणारा दुर्मीळ पण गंभीर आजार, आधी कधी झालेला असेल.

लग्न न झालेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना पडणारा प्रश्न योनीपटलाचा. ते म्हणजे लवचीक घडी असते, झाकण नव्हे. कपाने ती ताणली जाऊ शकते, थोडी फाटूही शकते. तशी ती खेळताना, सायकल चालवतानाही ताणली जाते. त्यावरून कुणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मुलीला कप वापरावासा वाटत असेल तर वापरावा, नसेल तर नाही. हा निर्णय तिचा.

२. जवळ काय लागेल

- कापलेली, घासून गुळगुळीत केलेली नखं. हे सगळ्यात महत्त्वाचं साधन.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली शाळेतली पट्टी.
- फक्त कपासाठी ठेवलेलं, अर्धा-पाऊण लिटर पाणी मावेल असं छोटं स्टीलचं पातेलं. तुळशीबागेत किंवा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतं. चहाचं पातेलं वापरलं तरी शास्त्राच्या दृष्टीने फरक पडत नाही, पण घरातली शांतता टिकवायची तर वेगळं घ्या.
- बिनवासाचा सौम्य साबण.
- पाण्यावर आधारित वंगण-जेल, ऐच्छिक. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनच्या कपावर चालत नाही. खोबरेल तेलही नको; त्याचा थर कपाच्या काठाखालच्या बारीक छिद्रांत बसतो आणि साबणाने सहज निघत नाही.
- पहिल्या दोन-तीन पाळ्यांसाठी जोडीला कापडी किंवा पातळ पॅड.

३. गर्भाशयमुखाची उंची मोजा

हे माप सगळेच टाळतात आणि सगळं अडतं ते इथेच. मोजायचं पाळी चालू असताना. गर्भाशयमुख महिनाभर एका जागी राहत नाही. पाळीत ते बऱ्याच जणींचं खाली येतं. एरवी मोजून लांब कप आणला तर नेमक्या पाळीच्या दिवसांत तो टोचतो. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा आणि त्यातलं कमी माप धरा.

हात साबणाने धुवा. उकिडवं बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा. ज्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे त्यांचं काम सोपं. मधलं बोट हळूच आत घाला, दिशा सरळ वर नको, पाठीकडे, माकडहाडाच्या रोखाने. योनीमार्गाच्या भिंती गालाच्या आतल्या बाजूसारख्या मऊ लागतील. त्यात एक वेगळी, टणकसर, गोल वस्तू लागेल. नाकाच्या शेंड्यासारखी, मध्ये बारीक खळी असलेली. हे गर्भाशयमुख. ते मधोमध नसेल, एका बाजूला कललेलं असेल, तर ती बाजू ध्यानात ठेवा. पुढे गळतीचं कोडं सोडवताना उपयोगी पडेल.

बोट त्याला टेकलेलं असताना, योनीच्या तोंडाशी बोटाचा जो भाग येतो तिथे अंगठ्याचं नख टेकवा, बोट बाहेर काढा आणि पट्टीवर मोजा. पेरांवरून अंदाज करू नका; प्रत्येकीची पेरं वेगळी.

- ४५ मि.मी.पेक्षा कमी: गर्भाशयमुख खाली आहे.
- ४५ ते ५५ मि.मी.: मध्यम.
- ५५ मि.मी.पेक्षा जास्त, किंवा बोट पुरतच नाही: वर आहे.

आता कपाची लांबी. साधा नियम असा की, दांडी सोडून कपाच्या पेल्याची लांबी तुमच्या मापाएवढी किंवा चार-पाच मि.मी. कमी असावी. गर्भाशयमुख थोडंसं कपाच्या तोंडात उतरतं, त्यामुळे कपाचा तळ योनीच्या तोंडापासून साधारण एक सेंटिमीटर आत राहतो आणि बसताना टोचत नाही. माप ४० आलं तर ४० मि.मी.च्या आसपासचा आखूड, बुटका कप, दांडीऐवजी गोळी किंवा कडी असलेला. माप ६० च्या पुढे असेल तर ५५ मि.मी. किंवा त्याहून लांब पेला आणि लांब दांडी. नाहीतर काढताना बोटांना तळच सापडत नाही आणि घाबरगुंडी उडते.

इथला सापळा: डब्यावर बरेचदा दांडीसकट एकूण लांबी छापलेली असते. "७० मि.मी." वाचून दचकण्याआधी त्यातली दांडी किती ते पाहा. दांडी कापता येते, पेला नाही.

४. किती जातं, याचा हिशेब

"मला खूप जातं" हे वाक्य मापाला उपयोगी नाही. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पॅडवर ते पसरतं म्हणून जास्त भासतं. पूर्ण पाळीत ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर वैद्यकीय दृष्टीने जास्त धरतात.

कपांची क्षमता साधारण १५ ते ३० मिलिलिटर असते, काहींची त्याहूनही जास्त. पण डब्यावरचा आकडा बहुधा काठोकाठ भरलेल्या कपाचा असतो. खरी क्षमता काठाखालच्या छिद्रांपर्यंतच. त्यातून गर्भाशयमुख आत उतरलं की तेवढी जागा आणखी गेली. म्हणून २५ लिहिलेल्या कपात १८-२० धरा.

दोन पॅडमध्ये दिवस निघत असेल तर लहान क्षमतेचा कप दिवसाला दोनदा रिकामा करून आरामात पुरतो. दुसऱ्या दिवशी चार-पाच पॅड पूर्ण भिजत असतील तर २५ च्या पुढचा बघा. गर्भाशयमुख खाली आणि रक्तस्राव जास्त, अशी जोडी असेल तर कप आखूड पण रुंद, घंटेसारख्या पसरट आकाराचा घ्या. निमुळता घेतलात तर क्षमता कमी पडेल. अशा काही जणींना कपापेक्षा मेन्स्ट्रुअल डिस्क, म्हणजे बशीसारखं पसरट साधन, बरी पडते. ती पुढच्या हाडामागे अडकून बसते, कप ज्या हवेच्या पकडीवर टिकतो तिची डिस्कला गरज नसते.

मोठा कप दोन तासांत भरत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांच्या पुढे लांबत असेल, तर प्रश्न कपाचा नाही. हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. कपाचा एक फायदा असा की डॉक्टरांना आकड्यांत सांगता येतं. बऱ्याच कपांच्या आत मिलिलिटरच्या खुणा असतात.

५. स्नायूंची पकड आणि कपाचा कडकपणा

बोट आत असतानाच लघवी रोखून धरल्यासारखं आवळून बघा. बोट चांगलं आवळलं गेलं तर स्नायू मजबूत. धावणाऱ्या, व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्या, नियमित योगासनं करणाऱ्या मुलींचे बहुधा असतात. अशांनी अगदी मऊ कप घेतला तर स्नायू तो चेपून टाकतात, तो नीट उघडत नाही आणि गळतो. त्यांना जरा कडक काठाचा कप हवा.

उलट ज्यांना वरचेवर लघवीला लागतं, किंवा पाळीत पोटात फार कळा येतात, त्यांना कडक कपाचा दाब मूत्राशयावर जाणवतो. त्यांनी मऊ घ्यावा. मऊ कप आत उघडवायला जरा खटपट पडते, पण दिवसभर विसरून जाता येतो. कशातच न बसणारीने मध्यम घ्यावा. पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेकींना आमचं सांगणं हेच.

व्यासाबद्दल थोडक्यात. बाजारातले कप ४० ते ४६ मि.मी. रुंद असतात, किशोरवयीन मुलींसाठीचे त्याहून बारीक. नॉर्मल डिलिव्हरी न झालेल्यांना ४० ते ४३, झालेल्यांना किंवा पकड सैल वाटत असेल तर ४३ ते ४६, असा ढोबळ हिशेब. सिझर झालेल्यांनी नुसत्या "बाळंतपण झालंय" या चौकटीवर टिक करून मोठा घेऊ नये; बोटाची चाचणी काय सांगते ते पाहावं. आणि ४५ मि.मी. आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. कप घडी करून आत जातो आणि घडीची जाडी बोटा-दीड बोटाएवढीच असते.

६. डबा वाचा

आता तुमच्याजवळ एक ओळ आहे. उदाहरणार्थ: "उंची ४८, दिवसाला तीन पॅड, पकड मध्यम." ती घेऊन डबे वाचायला लागा.

डब्यावर वैद्यकीय दर्जाचं सिलिकॉन असं स्पष्ट हवं. काही कप टीपीईचे, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचे असतात, तेही चालतात. रबराचे कपही आहेत. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर ते नकोत. उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच क्रमांक, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा नंबर नसेल तर डबा परत ठेवा. व्यास आणि लांबी मि.मी.मध्ये दिलेली नसेल तरीही ठेवा. नुसतं "लार्ज" विकणाऱ्याला माप सांगायचं नाहीये. उघडल्यावर उग्र वास येत असेल, काठावर धारदार शिवण लागत असेल, छिद्रं अर्धवट कापलेली असतील, तर तो कप शरीरात घालायचा नाही.

भारतीय बनावटीचे बरे कप तीनशे ते हजार रुपयांत मिळतात, परदेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. महाग म्हणजे मापात बसणारा, असं नाही. दुकानांत सहसा एक-दोन कंपन्यांचेच असतात. अगदी खाली किंवा अगदी वर गर्भाशयमुख असलेल्यांना ऑनलाइनच शोधावं लागेल. माप चुकलं तर बदलून देण्याची सोय काही कंपन्या देतात, ती आधी बघा. पोकळ दांडीचा कप टाळा, ती आतून साफ होत नाही. गडद रंगाचा घेतलात तर डाग दिसत नाहीत, फिकट रंगाचा घेतलात तर तो स्वच्छ झाला की नाही ते दिसतं. आम्ही फिकटाच्या बाजूचे.

७. पहिलं उकळणं

पातेल्यात कप पूर्ण बुडून वर चार बोटं पाणी राहील इतकं पाणी घ्या, उकळी फुटल्यावर कप टाका, ५ ते १० मिनिटं उकळा. पत्रकात वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. कप तळाला टेकू नये म्हणून अंडी फेटायच्या तारेच्या फेटणीत अडकवून ठेवला तर उत्तम. गॅसवर ठेवून फोन घेऊ नका. पाणी आटलं की सिलिकॉन जळतं आणि तो वास स्वयंपाकघरातून दोन दिवस जात नाही.

पुण्यात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. पेठांत नळाला धरणाचं पाणी येतं, ते चालतं. पण टँकर नाहीतर बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं. त्यात उकळलेल्या कपावर पांढुरका, खरखरीत थर बसतो. ती बुरशी नव्हे, गीझरच्या कॉइलवर बसतात तेच क्षार आहेत. क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरच्या पाण्यात उकळलं की प्रश्न मिटतो.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. इलेक्ट्रिक किटली उकळी आली की आपोआप बंद होते, पाच मिनिटं उकळत राहत नाही. शिवाय त्याच किटलीत मैत्रिणी मॅगीचं पाणी तापवणार. मायक्रोवेव्ह असेल तर झाकणाचा, घडीचा सिलिकॉनचा डबा मिळतो. त्यात कप बुडेल इतकं पाणी भरायचं आणि डब्याच्या पत्रकातली वेळ लावायची. नाहीतर महिन्यातून दोनदाच उकळायचं असतं, मेसच्या मावशींना किंवा घरमालकिणीला एकदा गॅस मागा.

८. बसवणं

पहिला प्रयोग लग्नाच्या दिवशी, परीक्षेच्या सकाळी किंवा एसटीत बसण्याआधी करू नका. सुट्टीचा दिवस, पाळीचा दुसरा दिवस. पाळी नसताना कोरडेपणात सराव केला तर दुखतं आणि उगाच मनात भीती बसते.

घड्या तीन पुरेत. पहिली: काठ चपटा करून मध्यावर दुमडायचा. सगळ्यात सोपी, पण टोक जाड. दुसरी: काठाची एक बाजू बोटाने आत तळापर्यंत दाबायची, टोक कळीसारखं निमुळतं होतं. नवख्यांसाठी हीच. तिसरी: काठ चपटा करून एक कोपरा तिरका खाली आणायचा, इंग्रजी सातचा आकार होतो, आत पटकन उघडते.

काठ पाण्याने ओला करा. उकिडवं बसा, जबडा सैल सोडा, श्वास सोडताना कप आत सरकवा. दिशा पुन्हा तीच, माकडहाडाकडे. सरळ वर ढकलणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कप हाडाला अडतो आणि वाटतं, आपल्याला जागाच नाही. तळ आत गेला की घडी सोडा. एखादा "पप्" असा हलका आवाज किंवा झटका जाणवेल, कधी जाणवणारही नाही.

आता तपासा. बोट कपाच्या बुडाभोवती फिरवा. सगळीकडून गोल लागला तर उघडलाय. कुठे खड्डा लागला तर बूड चिमटीत धरून कप थोडा गोल फिरवा. मग गर्भाशयमुख शोधा: ते कपाच्या बाहेर बाजूला लागत असेल तर कप त्याला ओलांडून वर गेलाय, काढून पुन्हा बसवा. शेवटी दांडी अगदी हलकी ओढा. ओढ जाणवली पाहिजे.

दांडी बाहेर टोचत असेल तर कप काढून, बाहेर, थोडी थोडी कापा. आत असताना कात्री लावायची नाही. कापलेली कड घासून गुळगुळीत करा.

९. काढणं

दांडी ओढून कप निघत नाही, ओढून फक्त दुखतं. आत हवेची पकड असते, ती आधी तोडावी लागते. उकिडवं बसा, शौचाला बसल्यासारखा हलका जोर द्या, कप खाली येतो. दांडीच्या आधाराने वर जाऊन कपाचं बूड चिमटीत दाबा, हवा सुटू द्या, मग जरा तिरका करून काठाची एक बाजू आधी बाहेर काढा, नंतर दुसरी. तांबी असलेल्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिली असली तरी, पकड तोडल्याशिवाय तसूभरही ओढायचं नाही.

निघाला नाही तर? आत हरवत नाही. गर्भाशयमुखाचं छिद्र इतकं बारीक असतं की कप त्यातून जाणं शक्यच नाही. स्नायू आखडलेले असतात, एवढंच. हात धुऊन बाहेर या, चहा प्या, अर्ध्या तासाने पुन्हा. चिमटा, चमचा असलं काही आत घालू नका. बारा तास उलटले आणि तरी निघत नसेल तर दवाखान्यात जा; डॉक्टरांसाठी ते दोन मिनिटांचं काम आहे.

१०. गळतोय: माप चुकलं की बसवणं?

दोन पाळ्या होईपर्यंत मापाला दोष देऊ नका. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात कपाची गळती पॅडइतकीच किंवा कमी निघाली, पण हात बसायला काही पाळ्या जाव्या लागतात, हेही दिसलं. तोवर खाली पातळ पॅड ठेवा. फेकायचा पॅड असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंनी हा ठिपका त्यासाठीच रुजवला, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही.

लक्षणावरून कारण असं शोधा:

- बसवल्यावर तासाभरात थोडा तपकिरी डाग, मग काही नाही: गळती नाही, भिंतींवर उरलेलं रक्त आहे.
- लगेच आणि सतत गळतं, काढल्यावर कप रिकामाच: कप गर्भाशयमुखाला चुकवून बसला. कलतं गर्भाशयमुख असेल तर घडीचं टोक त्या बाजूला रोखा.
- थोडा भरलेला, तरी गळतं: पूर्ण उघडला नाही. घडी बदला. दर वेळी हेच होत असेल तर कप तुमच्या पकडीच्या मानाने मऊ आहे.
- छिद्रापर्यंत भरलेला: क्षमता कमी किंवा वेळ जास्त.
- शौचाच्या वेळीच गळतं किंवा खाली सरकतो: मलाचा दाब. नंतर बोटाने पुन्हा वर सरकवा. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याकडे बघा.
- चालताना हळूहळू खाली घसरतो: व्यास कमी किंवा पकड सैल. मोठा व्यास घ्या.
- लघवीची धार बारीक झाली, लघवी राहिल्यासारखी वाटते: कप कडक किंवा रुंद. मऊ घ्या, तोवर लघवीला जाताना थोडा खाली ओढा. लघवी अडत असेल तर काढूनच टाका.
- बसताना टोचतो: दांडी कापूनही टोचत असेल तर पेला लांब आहे. इथे मात्र माप चुकलं.

पकड तोडायला मदत करणारी आणि कप उघडवणारी ती काठाखालची छिद्रं बुजली असतील तर कप नीट उघडत नाही आणि गळतो. कप पाण्याने भरा, तोंडावर तळवा दाबून उलटा करा आणि पिळा. छिद्रांतून बारीक चिळकांड्या उडाल्या पाहिजेत.

११. दिवसभराचं गणित

रक्तस्राव कमी असला तरी बारा तासांच्या पुढे कप आत ठेवायचा नाही. तुमच्या कपाच्या पत्रकात आठ तास लिहिलं असेल तर आठच. सकाळी आंघोळीला आणि संध्याकाळी घरी आल्यावर, असं बसवलं तर हिंजवडीच्या ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या संडासात कप काढायची वेळ बहुधा येत नाही. आलीच, तर पाण्याची छोटी बाटली आत न्या, कप संडासात रिकामा करा, तिथेच बाटलीने खंगाळा, पुन्हा बसवा. पाणी नसेल तर स्वच्छ टिश्यूने पुसला तरी एक वेळ चालतं. घरी गेल्यावर साबणाने धुवा. हात मात्र आधीही धुवायचे आणि नंतरही. फक्त नंतर धुण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

राजगड-तोरण्यासारख्या दोन दिवसांच्या ट्रेकला जाताना पिण्याच्या बाटलीखेरीज एक वेगळी बाटली आणि साबणाचे कागद घ्या. रिकामा करायचा तो पाण्याच्या टाक्यांपासून लांब, खड्डा करून.

अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, अंगावर उन्हाने भाजल्यासारखं लाल पुरळ, चक्कर: यातलं काही पाळीत कप असताना झालं तर कप काढा आणि तडक दवाखाना गाठा, कप वापरत होते हे सांगा. टॉक्सिक शॉक कपामुळे होणं फार दुर्मीळ आहे, पण त्यात वेळ घालवायचा नसतो.

१२. पाळी संपल्यावर

आधी थंड पाण्याने धुवा, मग साबणाने. गरम पाणी आधी लावलं की रक्ताचा डाग बसतो. छिद्रं मऊ, जुन्या ब्रशने साफ करा, पुन्हा उकळा, पूर्ण वाळवा आणि सुती पिशवीत ठेवा. हवाबंद डब्यात ठेवला तर ओल आणि वास धरतो. डेटॉल, सॅव्हलॉन, ब्लीच, वासाचे साबण यांतलं काहीही कपाला लावू नका. सिलिकॉन खराब होतं आणि आत जळजळ होते. वास येत असेल तर उकळून दोन-तीन तास उन्हात ठेवा. पिवळसर झाला म्हणून टाकायची गरज नाही.

कप नीट सांभाळला तर बऱ्याच कंपन्या पाच ते दहा वर्षं सांगतात. चिकट लागायला लागला, भुकटी सुटली, चीर दिसली, की वर्ष न मोजता बदला. बाळंतपणानंतर जुना कप बाहेर काढण्याआधी तिसऱ्या पायरीवर परत या आणि पुन्हा मोजा. गर्भाशयमुखाची जागा आणि पकड दोन्ही बदललेली असू शकतात. आणि न बसलेला कप उकळून बहिणीला द्यायचा विचार मनात येईल, तर तो देऊ नका. तिला पट्टी द्या.